विजेत्याचं गाव आणि ढिगाऱ्याखालची माणसं

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, काँ शहरापासून दक्षिणेला पस्तीसेक किलोमीटरवर, फालेझ नावाचं जेमतेम आठ हजार वस्तीचं गाव आहे. गावच्या मोठ्या चौकात १८५१ साली उभारलेला ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. घोडा मागच्या पायांवर उभा ठाकलेला, स्वाराच्या हातात उंच धरलेलं निशाण आणि खाली चौथऱ्याभोवती त्याच्या आधीचे नॉर्मंडीचे सहा ड्यूक, म्हणजे तिथले सत्ताधीश. हा विल्यम, १०६६ साली समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकणारा. तो याच गावात जन्मला. चौकाला लागूनच खडकाच्या सोंडेवर किल्ला आहे, त्यालाही त्याचंच नाव. आणि याच चौकात, पूर्वी जिथे न्यायालय होतं त्या इमारतीत, २०१६ पासून एक संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यांच्या हातात बंदूक नव्हती आणि तरी ज्यांच्या घरावर युद्ध कोसळलं, त्यांचं हे संग्रहालय. फ्रान्समध्ये रणगाडे, तोफा आणि सेनापतींच्या नकाशांनी भरलेली युद्धसंग्रहालयं कितीतरी आहेत. केवळ नागरिकांना वाहिलेली मात्र विरळाच.

युद्धाची आठवण कुणाच्या नावाने ठेवायची, हा प्रश्न सगळीकडेच आहे. फालेझने त्याला दिलेलं उत्तर मला योग्य वाटतं. ज्या गावाची सगळी ओळख एका विजेत्यावर उभी आहे, त्याने आपल्या मेलेल्या सामान्य माणसांना त्याच्या शेजारी, तेवढ्याच मानाने जागा दिली. यात अवघड भाग पुढे आहे. ती माणसं बहुतांशी शत्रूच्या हातून मेली नाहीत. सुटका करायला आलेल्यांच्या बॉम्बनी मेली.

आधी त्या विजेत्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय या चौकाचा अर्थ लागत नाही.

किल्ल्याच्या पायथ्याशी आन्त नावाची छोटी नदी वाहते. तिच्या काठी पूर्वी चामडं कमावणाऱ्यांची वस्ती होती. ड्यूक रॉबर्टने वरच्या खिडकीतून खाली झऱ्यावर आलेली आर्लेत नावाची मुलगी पाहिली, अशी दंतकथा आहे. तो झरा आजही दाखवतात. परंपरेनुसार आर्लेत चर्मकाराची लेक. तिचं ड्यूकशी लग्न झालं नाही, पण १०२७ किंवा १०२८ साली मुलगा झाला. बाप यरुशलेमच्या यात्रेहून परतताना १०३५ मध्ये वारला आणि सात-आठ वर्षांचं पोर ड्यूक झालं. अनौरस म्हणून त्याला आयुष्यभर हिणवलं गेलं. आलाँसों गावाला त्याने वेढा घातला, तेव्हा आतल्या लोकांनी तटावर कातडी टांगून त्याच्या आजोळची टिंगल केली, असं जुन्या बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. विल्यमने पकडलेल्या त्या माणसांचे हातपाय तोडले.

इथवरची गोष्ट फालेझमध्ये येणाऱ्या पाहुण्याला चवीने सांगितली जाते. चर्मकाराच्या नातवाने इंग्लंडचा मुकुट मिळवला, यात ऐकणाऱ्याला आनंद होणारच. पण १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तर इंग्लंडमध्ये बंड झालं, तेव्हा याच माणसाने यॉर्कशायर आणि आसपासची गावं जाळली, धान्य, अवजारं, गुरंढोरं नष्ट केली, आणि मागे दुष्काळ सोडला. सोळा-सतरा वर्षांनी, १०८६ मध्ये, त्याच्याच हुकमावरून इंग्लंडच्या जमिनीची मोजदाद झाली, तेव्हा यॉर्कशायरच्या नोंदींत गावामागून गाव ‘उजाड’ म्हणून लिहिलं गेलं. ऑर्डेरिक व्हिटॅलिस हा साधू इंग्लंडात जन्मला आणि नॉर्मंडीतल्या मठात म्हातारा झाला. विल्यमच्या पराक्रमाचं त्याने कौतुक केलं आहे, पण या एका कृत्याला क्षमा नाही, असं स्वच्छ लिहून ठेवलं आहे. निरपराध आणि अपराधी यांना एकाच उपासमारीने मारलं, हा त्याचा आक्षेप. बाराव्या शतकातला एक धर्मगुरू जिंकणाऱ्याच्या बाजूला बसून नागरिकांच्या मृत्यूचा हिशेब मागतो, ही मला या सगळ्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. विल्यमचा शेवटही एका पेटलेल्या गावातच सुरू झाला. १०८७ मध्ये त्याने माँत हे गाव जाळलं, तिथेच तो जायबंदी झाला आणि पुढे रूआँमध्ये मेला. काँ शहरातल्या त्याने बांधलेल्या मठाच्या चर्चमध्ये त्याला पुरलं.

आता १९४४.

बायो गावातल्या ब्रिटिश युद्धदफनभूमीसमोर एक स्मारक आहे. त्यावर लॅटिनमध्ये कोरलं आहे की, विल्यमने ज्यांना एकेकाळी जिंकलं त्या आम्ही आता त्या विजेत्याची मायभूमी मुक्त केली आहे. वाक्य भारदस्त आहे आणि खोटं नाही. नाझींची चार वर्षांची सत्ता मोडायला हजारो तरुण समुद्र ओलांडून आले आणि त्या मातीत राहिले. त्यांचं ऋण नाकारणारा माणूस मी नव्हे. पण मायभूमी म्हटलं की फक्त जमीन डोळ्यांपुढे येते. त्या जमिनीवर राहणारी माणसं त्या ओळीत कुठे आहेत?

दोस्त राष्ट्रांच्या योजनेत नॉर्मंडीतली गावं म्हणजे रस्त्यांच्या गाठी होत्या. जर्मन कुमक किनाऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून चौरस्त्यांवरची गावं पाडून त्यांच्या ढिगाऱ्यांनी रस्ते बंद करायचे, असं ठरलं होतं. दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं त्या ६ जूनच्या रात्रीपासून सॅं-लो, लिझ्यो, काँ, व्हीर, कुताँस अशी एकेक गावं उद्ध्वस्त होत गेली. आधी पत्रकं टाकली होती, लोकांनी बाहेर पडावं म्हणून. त्यांतली बरीचशी वाऱ्याने भलतीकडे गेली. नॉर्मंडीत त्या उन्हाळ्यात जवळपास वीस हजार नागरिक मेले, त्यांतले बहुतेक बॉम्बखाली. काँमध्ये हजारो लोक विल्यमची कबर असलेल्या मठात आणि चर्चमध्ये घुसले. ते ठिकाण वाचवण्यासाठी दोस्तांपर्यंत निरोप पोचवला गेला आणि ते वाचलं. यॉर्कशायर जाळणाऱ्याच्या कबरीशेजारी, त्याने जिंकलेल्या देशाच्या विमानांपासून जीव वाचवत, त्याच्याच मुलखातल्या बाया आणि पोरं आठवड्यांमागून आठवडे फरशीवर झोपली.

फालेझची पाळी सावकाश आली, म्हणून जास्त लांबली. जूनपासून ऑगस्टपर्यंत गावावर पुन्हा पुन्हा बॉम्ब पडले. ऑगस्टच्या सुरुवातीला हिटलरच्या आग्रहापायी जर्मनांनी मोर्तँच्या दिशेने उलटा हल्ला केला आणि त्यात आपली मान पुढे काढून दिली. उत्तरेकडून कॅनडाचं आणि पोलंडचं सैन्य, दक्षिणेकडून अमेरिकन आणि फ्रेंच, असा फास आवळत आला. त्याचं तोंड होतं फालेझजवळ. कॅनडाचे सैनिक १६ ऑगस्टला गावात शिरले. हिटलर युथ डिव्हिजनचे शेवटचे कोवळे सैनिक मुलींच्या एका शाळेत दडून लढत राहिले. त्यांचा निकाल लावायला मोंरेआलची फ्रेंचभाषक पलटण गेली. क्विबेकच्या पुष्कळ फ्रेंच घराण्यांचे मूळपुरुष सतराव्या शतकात नॉर्मंडीतूनच गेले होते, म्हणजे काहींसाठी ही पूर्वजांच्या मुलखात परत येण्याची वाट होती. पूर्वेला माँ-ऑर्मेलच्या टेकडीवर जनरल माचेकच्या पोलिश डिव्हिजनने वेढा धरून ठेवला. २१ ऑगस्टला तो पक्का बंद झाला. त्या कोंडीत दहाएक हजार जर्मन सैनिक मेले, चाळीस-पन्नास हजार पकडले गेले. जर्मन सैन्य बरंचसं घोड्यांवर चालत होतं, त्यामुळे दीव नदीच्या काठाने हजारो मेलेले घोडे कुजत पडले होते. मैदान पाहून आलेल्या दोस्तांच्या सरसेनापतीने, आयझेनहॉवरने, पुढे लिहिलं की, शेकडो यार्ड केवळ प्रेतांवर पाय देत चालता आलं असतं. गावाचा दोन-तृतीयांश भाग तोवर जमीनदोस्त झाला होता.

सैनिकी इतिहासात ‘फालेझची कोंडी’ हा एक धडा आहे. वेढा वेळेत का मिटला नाही, अमेरिकन सेनापती ब्रॅडलीने आपलं सैन्य का थांबवलं, ब्रिटिश सेनापती माँटगोमरी धिमा होता का, यावर ऐंशी वर्षं वाद चालू आहे. त्या पुस्तकांच्या नकाशांत फालेझ हा एक ठिपका असतो, आणि बाण त्याच्याकडे येतात आणि त्यातून जातात. तिथे राहणारे कुठे गेले, हे विचारायला नकाशात जागा नाही. ते खाणींत, तळघरांत, शेताच्या बांधांत लपले होते. गाड्यांवर गाद्या आणि कोंबड्या घालून दक्षिणेकडे निघाले होते. सप्टेंबरात परतले तेव्हा आपली गल्ली कुठली, हे त्यांना ओळखता येईना.

मग त्यांच्याबद्दल इतकी वर्षं कुणी बोललं का नाही? प्रश्न अवघड आहे आणि त्याचं उत्तर नुसतं दुष्टपणात शोधणं बरोबर नाही. एक कारण असं की, या मृतांचं भांडवल चुकीच्या माणसांनी आधी केलं. जर्मनांशी हातमिळवणी करणारं व्हिशी सरकार दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यांचा प्रचार जोरात करत होतं. एप्रिल १९४४ मध्ये पॅरिसवर बॉम्ब पडले, तेव्हा त्या सरकारचा प्रमुख मार्शल पेताँ स्वतः तिथे गेला, मृतांसाठी नोत्र-दामला प्रार्थना झाली आणि बाहेर मोठी गर्दी जमली. चार महिन्यांनी त्याच पॅरिसने मुक्तिसेनेचं स्वागत केलं. युद्धानंतर ज्याने बॉम्बखाली मेलेल्यांचा विषय काढला, त्याच्यावर पेताँच्या बाजूचा असल्याचा संशय यायचा. शिवाय ज्यांनी आपली सुटका केली, त्यांच्यासमोर आपली बाई, आपलं पोर तुमच्या हातून गेलं, हे बोलणं घरंदाज माणसाच्या तोंडी येत नाही. प्रत्येक ६ जूनला बुजुर्ग सैनिक पदकं लावून येत, गावकरी त्यांना मिठ्या मारत, आणि घरी येऊन आपल्या माणसांच्या कबरीवर फुलं ठेवत. त्या मिठ्या खऱ्या होत्या. म्हणूनच दुःखाला बाहेर वाट नव्हती.

राष्ट्राने त्यांना अधिकृतपणे मान दिला तो २०१४ साली. त्या ६ जूनच्या सकाळी काँच्या स्मारकात राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांनी नॉर्मंडीतल्या नागरी मृतांना आदरांजली वाहिली. सत्तर वर्षांनी. त्यानंतर २०२४ मध्ये इमॅन्युएल माक्राँ सॅं-लोला गेले आणि दोस्तांच्या बॉम्बखाली मेलेल्यांबद्दल तिथेच, त्या गावात उभं राहून बोलले. या दोन्ही घटना चांगल्या आहेत. पण १९४४ मध्ये ज्याचं मूल गेलं, तो बाप २०१४ पर्यंत कुठून उरणार?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. बॉम्बखाली मेलेल्या नागरिकांना स्मारकात आणलं की, मारणारे आणि सोडवणारे एकाच पारड्यात बसतात. नाझींनी युरोपभर जे केलं आणि दोस्तांनी सॅं-लोवर जे केलं, त्यात फरक उरत नाही, आणि अशा सरमिसळीची वाट पाहणारे लोक आजही फ्रान्सच्या राजकारणात आहेत. हे मला मान्य आहे. जर्मनीतही दोस्तांच्या बॉम्बखाली मेलेल्या ड्रेस्डेनच्या मृतांचा तसा गैरवापर दर फेब्रुवारीत होतो. पण या आक्षेपातून गप्प बसायचा निष्कर्ष निघत नाही. उलट, ज्या दुःखाला प्रामाणिक लोक जागा देत नाहीत, ते दुःख अप्रामाणिक लोक उचलतात. १९४४ मध्ये पेताँने तेच केलं. फालेझचं संग्रहालय यातून कसं वाट काढतं ते पाहण्यासारखं आहे. ते १९४४ च्या बॉम्बपासून सुरू होत नाही. वरच्या मजल्यावर १९४० ची पळापळ आहे, मग जर्मन अंमल, रेशनच्या रांगा, सक्तीच्या मजुरीला जर्मनीत पाठवलेले तरुण, ज्यूंचा छळ, प्रतिकार करणारे आणि फितूर झालेले. त्यानंतरच्या मजल्यावर सुटका येते आणि तिच्यासोबत बॉम्ब. कुठल्या राजवटीमुळे ही विमानं यावी लागली, हे पाहणाऱ्याला आधी कळलेलं असतं. त्यामुळे बॉम्ब समजतात, पण माफ होत नाहीत. कारण समजलं म्हणून मेलेली माणसं हिशेबातून वजा होत नाहीत, आणि ती मेली म्हणून कारण खोटं ठरत नाही. दोन्ही एकाच इमारतीत ठेवता येतं.

तळमजल्यावर मला सर्वांत धाडसाचा भाग वाटतो. या जागेवर पूर्वी एक घर होतं, त्याचे बॉम्बने उरलेले अवशेष तिथेच ठेवले आहेत. त्यांवरच प्रकाशचित्रं टाकून बॉम्बहल्ल्याचा अनुभव उभा केला आहे. पाहणारा उभा असतो तो कुणाच्या तरी घराच्या खोलीवर. राष्ट्रासाठी, स्वातंत्र्यासाठी, मानवतेसाठी असे मोठे शब्द त्या दगडांवर बसत नाहीत. तिथे स्वयंपाक होत होता, हेच खरं.

फक्त दोस्त आपल्या चुका किती मोकळेपणाने मांडतील, याबद्दल मला शंका आहे. ल आव्र बंदरावर ५ आणि ६ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिश विमानांनी शहराचा मध्यभाग जाळला. सुमारे दोन हजार नागरिक मेले, जर्मन शिबंदीचं मात्र फारसं नुकसान झालं नाही. असा हल्ला लष्करी गरजेचा होता, असं म्हणणारे कमीच. तरी लंडनमध्ये त्याची आठवण कुठे आहे? बॉम्बर कमांड या ब्रिटिश बॉम्बफेकी दलाच्या ५५ हजारांवर मेलेल्या विमानसैनिकांसाठी २०१२ मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कात भव्य स्मारक झालं, आणि व्हायलाच हवं होतं, ती पोरं विशी-बाविशीची होती. त्यांत हल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचीही आठवण कोरली आहे, हे नोंदवायला हवं. पण एक ओळ आणि एक संग्रहालय यांत अंतर आहे. फालेझने जे केलं ते ब्रिटनने आपल्या भूमीवर करून दाखवावं.

आता किल्ल्याकडे यायचं, कारण तिथेही हाच प्रश्न दगडात विचारला गेला आहे.

ज्या भव्य चौकोनी बालेकिल्ल्यासमोर उभे राहून लोक इथे विल्यम जन्मला म्हणतात, तो विल्यमच्या वेळी नव्हताच. तो त्याच्या धाकट्या मुलाने, पहिल्या हेन्रीने, ११२३ पासून बांधला. त्याला लागून असलेला लहान बालेकिल्ला त्याच शतकाच्या उत्तरार्धातला. आणि उंच गोल टॉलबट बुरूज तर फ्रान्सचा राजा फिलिप ऑग्युस्त याने १२०४ मध्ये नॉर्मंडी घेतल्यानंतर बांधवला. म्हणजे इंग्लंडचा राजा आणि फ्रान्सचा राजा यांची सत्ता एकाच खडकावर भिंतीला भिंत लावून उभी आहे. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने इथे तोफा डागल्या, १५९० मध्ये फ्रान्सच्या चौथ्या आँरीने डागल्या, मग किल्ला ओस पडला. १८४० मध्ये फ्रान्सने ऐतिहासिक वास्तूंची पहिली यादी केली, तेव्हा त्यात तो होता. त्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची डागडुजी झाली, आणि १९४४ मध्ये पुन्हा त्याला तडे गेले.

१९८६ नंतर ब्रुनो देकारिस या सरकारी वास्तुविशारदाकडे काम गेलं. बालेकिल्ल्याच्या दाराशी मध्ययुगात एक पुढचा बुरूज होता, तो नाहीसा झाला होता. तिथे त्याने काँचा पिवळसर चुनखडी दगड आणून खोटी जुनी भिंत रचली नाही. राखाडी काँक्रीटचा सरळसोट ठोकळा उभा केला. आतमध्ये काचेच्या फरश्या, पोलाद, वर ताणलेल्या टेफ्लॉनच्या कापडाचं छत. १९९७ मध्ये किल्ला उघडला आणि प्रचंड वादंग झालं. नॉर्मंडीचा माणूस राखाडी काँक्रीट पाहिल्यावर किनाऱ्यावरचे जर्मन बंकर आठवतो, यात त्याचा दोष काय?

तो ठोकळा देखणा नाही, हे मी मान्य करतो. उन्हात त्याच्या शेजारचा आठशे-नऊशे वर्षांचा दगड मधासारखा चमकतो आणि काँक्रीट ओल्या राखेसारखं मळकट दिसतं. तरीही मी देकारिसच्या बाजूचा आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जगभरच्या संवर्धनाला एक शिस्त घालून दिली. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवं जे घालाल ते जुन्यापासून ओळखता आलं पाहिजे. देकारिसने ती शब्दशः पाळली. आज फालेझमध्ये शाळकरी मुलगासुद्धा बोट ठेवून सांगू शकतो की इथवर बारावं शतक आहे आणि इथून पुढे विसावं. मध्ययुगातलं दालन कसं सजलं असेल, हे दाखवायला पाहुण्याच्या हातात टॅब्लेट देतात. तो रिकाम्या खोलीत धरला की पडद्यावर रंगीत पडदे, पलंग, जेवणाची टेबलं दिसतात. कल्पना पडद्यावर आहे, दगडात नाही. उद्या संशोधनाने काही नवं सांगितलं, तर पडदा बदलता येईल. भिंत एकदा रचली की तिचं खोटं कायमचं खरं होऊन बसतं.

फ्रान्समध्येच दुसरे रस्तेही आहेत. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने तिसऱ्या नेपोलियनसाठी प्येरफाँचा पडका किल्ला मनाप्रमाणे पुन्हा उभारला. लोकांना तो फार आवडतो. पण त्यात मध्ययुग किती आणि सम्राटाची हौस किती, हे तज्ज्ञालाच कळतं. शेजारच्या एन जिल्ह्यात कूसीचा किल्ला आहे. चोपन्न मीटर उंचीचा त्याचा बुरूज माघार घेणाऱ्या जर्मनांनी मार्च १९१७ मध्ये २८ टन स्फोटकं लावून उडवला, कुठल्याही लष्करी फायद्याशिवाय. फ्रान्सने तो पुन्हा बांधला नाही. ढिगारा तसाच ठेवला. ओरादूर-स्यूर-ग्लान गावात १० जून १९४४ ला नाझींच्या एसएस दलाच्या सैनिकांनी सहाशेवर लोक मारले. ते गावही द गोलच्या निर्णयाने तसंच ठेवलं गेलं, शेजारी नवं गाव वसलं. मात्र कूसी आणि ओरादूर दोन्ही शत्रूने केलेल्या जखमा आहेत. त्या दाखवणं सोपं होतं. मित्राने केलेली जखम दाखवायला कुणी पुढे येत नव्हतं. सॅं-मालोचं तटाआतलं गाव अमेरिकन तोफांनी आणि आगीने ऑगस्ट १९४४ मध्ये जवळजवळ सगळं गेलं. ते ग्रॅनाइटमध्ये इतकं जुन्यासारखं बांधलं गेलं की आजचा प्रवासी तटावरून फिरतो आणि सतराव्या शतकातलं बंदर पाहिल्याच्या समाधानात परततो. त्या गावकऱ्यांना आपलं गाव परत हवं होतं, आणि १९४६ च्या कायद्याने राज्याने युद्धात गेलेल्या घरांची पूर्ण भरपाई मान्य केली होती. लाकडी बराकींत वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला, तू आपल्या घराचा तुटलेपणा जगाला दाखव, असं सांगायचा अधिकार मला नाही. राहतं घर आणि किल्ला यांना एक माप लावता येत नाही, हे लक्षात ठेवूनच मी किल्ल्याबद्दल बोलतो आहे.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटणार नाही. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या बैठकीत युनेस्कोने रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग, जिंजी अशा बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. तेव्हापासून आपल्याकडे ‘जसाच्या तसा पुन्हा उभारा’ ही मागणी जोर धरते आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगड पेटला आणि वरचे वाडे जळाले. त्यांची लाकडी शिल्पं, त्यांचे रंग, त्यांचे छज्जे नेमके कसे होते, याचं आपल्याकडे पुरेसं चित्र नाही. अंदाजाने वाडे उभारले तर १८१८ ची आगच पुसली जाईल, आणि पोर विचारेल की मग इंग्रजांनी जाळलं काय होतं? कोसळता बुरूज सावरायचा, निखळते चिरे चुन्यात बसवायचे, हे काम झालंच पाहिजे. वाड्याच्या जोत्यावर मात्र नवीन भिंत चढवण्यापेक्षा फालेझसारखा पडदा हातात द्यावा. आणि त्या पडद्यावर दरबाराइतकीच जागा गडावर पाणी, लाकूड, दाणा वाहून नेणाऱ्यांनाही असावी.

पुन्हा नॉर्मंडीत येतो, कारण तिथलं काम अर्धंच झालं आहे. दरवर्षी जग ६ जूनला किनाऱ्यावर येतं. राजे, राष्ट्राध्यक्ष, दूरचित्रवाणीचे कॅमेरे. ७ तारखेला सगळे परततात. पण त्या वर्षी ७ जूनला नॉर्मंडीचं युद्ध नुकतंच सुरू झालं होतं. ते फालेझमध्ये ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चाललं, ल आव्रमध्ये सप्टेंबरपर्यंत. नागरिकांचे मृत्यू कॅलेंडरवर एका दिवशी बसत नाहीत, म्हणून त्यांना सोहळा मिळत नाही. माझं मागणं एवढंच आहे की, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या नेत्यांनी एखाद्या वर्षी ऑगस्टात फालेझला यावं. पुतळ्यासमोरून जावं, संग्रहालयाच्या तळमजल्यावर त्या घराच्या अवशेषांपाशी उभं राहावं आणि आपल्या देशाच्या नावाने या मृतांचा उल्लेख करावा. क्षमा मागायची की नाही, हे त्यांनी ठरवावं. १९४४ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. हे ऐकायला त्यांच्यातलं कुणीतरी असायला हवं असेल, तर वेळ फार थोडा आहे.